चौथ्या मजल्याचा कोट

कोटवाल्या मावशी चुकत नसत असं नाही. चांगल्या चुकायच्या. पण चूक कबूल करायची वेळ आली की त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं आणि किल्ली कुठे ठेवलीय हे त्यांनाही आठवायचं नाही. एकदा एक गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं आणि म्हणालं, "मावशी, बाही जरा लांब झालीय." मावशींनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाही बरोबर आहे. तुमचा हात आखूड आहे." बिचारा मुकाट्याने कोट घेऊन गेला आणि पुढे अकरा हिवाळे तोच घालून फिरला. आता बोला!

बत्तीस वर्षं त्यांनी कोट शिवले. जुन्या गावी वर्षातले आठ महिने थंडी, म्हणून कामाला तोटा नव्हता. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, तोंड उत्तरेला. ऊन म्हणजे काय ते समोरच्या इमारतीच्या काचेवरून आलेलं, तेही उसनं, वर्षातून पंधरा-वीस दिवस. तेवढे दिवस मावशी शिलाई मशीन जमिनीवरून सरकवत त्या कवडशामागे फिरायच्या. बाकी सगळं आयुष्य दिव्याखाली. काळ्या कापडावर काळा दोरा, भरदुपारी दिव्याखाली, करून बघा एकदा.

त्यांचे यजमान पाणीखात्यात फिटर होते. आपण त्यांना काका म्हणू, सगळे म्हणतात. जमिनीखालचे नळ थंडीत फुटायचे आणि हे गृहस्थ गुडघाभर गार पाण्यात उभे राहून ते जोडायचे. माणूस सोन्यासारखा, पण एक खोड. काहीही विचारा, उत्तर एकच: "ठीक आहे." छप्पर गळतंय? ठीक आहे. आमटीत मीठ नाही? ठीक आहे. लग्न ठरताना मोठ्या भावाने विचारलं होतं, "मुलगी कशी वाटली?" तेव्हाही हेच. ते मावशींच्या कानावर गेलं. पस्तीस वर्षं झाली, अजून त्यांनी माफ केलेलं नाही.

शेवटी त्या गार पाण्याने दावा साधलाच. काकांचे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, "यांना उबदार देशात न्या, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात हे उठणार नाहीत." लेक आणि जावई आधीपासून अशाच एका गरम देशात होते. लेक मोठ्या इस्पितळात नर्स, जावई एका कारखान्यात मापं तपासायच्या खात्यात. लेकीने लगेच सांगितलं, "आमच्याकडेच या. एक खोली रिकामी करते."

"चार दिवस येईन," मावशी म्हणाल्या. "पण कायमचं राहायचं असेल तर माझं घर मी बघीन."

यात जावयावर राग नव्हता हो. जावई गरीब गाय. पण तो प्रत्येक गोष्ट मोजायचा. चहाच्या कपात दूध किती, सोफा भिंतीपासून किती दूर, सासूबाई नळ किती वेळ चालू ठेवतात. बोलायचा काही नाही, नुसता बघायचा. त्या बघण्याखाली जन्म काढायची मावशींची तयारी नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. स्वतःचं घर, आणि त्या घरात ऊन. साठीला टेकलेल्या बाईने एवढं मागितलं तर काय बिघडलं?

ते लोक तिथे उतरले तेव्हा हिवाळा होता, म्हणजे नावाला हिवाळा. एजंटाने भाड्याची दोन घरं दाखवली. दोन्ही खालच्या मजल्यांवर, खिडक्या एवढ्याशा, त्यांवर जाड झडपा, आत भरदिवसा संध्याकाळ. मावशींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, हे घर आहे की कोठडी? माणसाला उजेड नको?" एजंट म्हणाला, "बाई, इथे सगळे अशीच घरं मागतात." "मागू देत. मला ऊन दाखवा."

तेव्हा तो जरा घुटमळत त्यांना एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर घेऊन गेला. सगळ्यात वरचा मजला. पश्चिमेला भिंतभर खिडकी आणि पुढे अरुंद बाल्कनी. संध्याकाळचे पाच वाजले होते आणि आख्खी खोली उन्हाने भरून गेली होती. भिंती, जमीन, रिकाम्या कपाटाचं दार, सगळं पिवळंधमक. मावशी मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. चपला काढल्या. फरशी कोमट होती. त्यांनी डोळे मिटले.

काकांनी एजंटाला विचारलं, "एवढं छान घर रिकामं कसं राहिलं?"

एजंट आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "असंच. लोकांच्या आवडीनिवडी."

मावशींनी डोळे उघडले. "हेच घर. अहो, तुम्हाला कसं वाटतं?"

काका काय म्हणाले ते सांगायला नकोच.

पहिले दोन महिने म्हणजे नुसती मजा. मशीन खिडकीखाली बसलं. कात्र्या, खडू, रिळं, सगळ्यांना जागा मिळाली. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरायचा, त्याची हाताला सवय झाली. दार फुगलेलं होतं, ते खांद्याने ढकलून उघडायची कला काकांना साधली. आणि काकांचे गुडघे? अहो, तो माणूस पंधराव्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन चार मजले चढून आला, मध्ये न थांबता. मावशी रोज दुपारी उन्हात पाय सोडून बसायच्या आणि गावाकडे बहिणीला फोन लावायच्या. "काय गं, बर्फ उपसून झाला का? मी? मी काही नाही, बसलेय आपली उन्हात." बहिणीच्या जळण्याचा वास फोनमधून यायचा.

मग उन्हाळा लागला.

आधी आठवडाभर मावशींना कळलंच नाही काय चाललंय ते. सकाळी आठला समोरच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या धडाधड बंद व्हायला लागल्या. दुपारी दोनला रस्त्यावर चिटपाखरू नाही. मावशींना वाटलं, कुणी वारलं की काय गल्लीत. स्वतः त्यांनी मात्र आयुष्यभर केलं तेच केलं. सूर्य वर आला की खिडक्या सताड उघडायच्या. "हवा खेळती पाहिजे." आणि संध्याकाळी सात वाजले की थंडी शिरेल म्हणून घट्ट लावून घ्यायच्या. म्हणजे दिवसभर गरम हवा घरात बोलवायची आणि रात्रभर कोंडून ठेवायची. हातात बर्फाचं खोरं घेऊन मोठ्या झालेल्या माणसालाच हे सुचू शकतं.

दुपारी तीननंतर त्या भिंतभर खिडकीतून ऊन जे घुसायचं ते जमीन, गादी, खुर्ची सगळं तापवून सोडायचं. मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका. सकाळचं दूध दुपारपर्यंत नासायचं. कपाटातली मेणबत्ती वाकून नमस्कार करायला लागली. पंखा फिरायचा, पण तो काय करणार, गरम हवा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन टाकायचा. मावशी घामाने निथळत विचारायच्या, "तुम्हाला त्रास होतोय का?"

"ठीक आहे," काका म्हणायचे, आणि दुपारच्या जेवणानंतर "जरा पाय मोकळे करतो" म्हणून बाहेर पडायचे.

एका बुधवारी लेक अचानक आली. इस्पितळातून थेट, पहाटेपासूनची पाळी संपवून, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. जिना चढता चढता तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिला कुणीतरी फरशीवर आडवं पडलेलं दिसलं. डोक्याखाली घडी केलेलं वर्तमानपत्र. शेजारची बाई पिशवी सांभाळत त्या माणसाला ओलांडून वर चालली होती, जणू रोजचंच आहे. लेक नर्स. धावत जाऊन तिने नाडी धरली.

काकांनी एक डोळा उघडला. "अगं, तू? मी झोपलोय गं. इथे बरा वारा येतो."

वर येऊन लेकीने जो आवाज लावला तो तीन मजले खाली ऐकू गेला. "आई, बाबा जिन्यात झोपतात! भिकाऱ्यासारखे! तुला माहीत तरी आहे का? अशा उन्हाने माणसं माझ्यासमोर स्ट्रेचरवरून येतात आई, रोज येतात!"

मावशींना माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, काका बागेत जाऊन बसतात. पण कुलूप लागलं ते लागलंच. "जिन्यात वारा असेल तर माणूस जाणारच," एवढंच त्या म्हणाल्या.

"बाबा, तुम्ही सांगा. घरात राहवतं का तुम्हाला?"

"ठीक आहे."

"तुम्ही भट्टीत बसलात तरी ठीक आहे म्हणाल! तुमच्या बोलण्यावर काय विश्वास ठेवायचा?" लेकीने डोळे पुसले. रागाचे की दमल्याचे, कुणास ठाऊक. "पंधरा दिवस. पुढच्या पुढच्या रविवारी आम्ही दोघं दुपारी तीनला येणार. तेव्हा घर असंच असलं, तर तुम्ही दोघं आमच्याकडे. खोली तयार आहे. मला रोज कामावर हा घोर नको."

ती गेल्यावर मावशी खिडकीपाशी बसल्या. पंधरा दिवस. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं उन्हाचं घर, आणि ते जाणार. रडू आलं नाही, संताप आला. सूर्यावर, एजंटावर, लेकीवर, आणि खाली कुठेतरी स्वतःवर, पण ते त्यांनी वर येऊ दिलं नाही. त्यांनी ट्रंक उघडली. जुन्या गावाहून आणलेलं लोकरी कापड आत होतं, लेक ज्याला हसली होती ते. "थंडी अडवतं ते ऊनही अडवेल," त्या म्हणाल्या आणि कात्री उचलली.

तीन दिवस खपून त्यांनी भिंतभर पडदा शिवला. गडद निळी लोकर, काळं अस्तर, खिळल्यासारखी सरळ टीप. आतल्या बाजूने खिडकीवर टांगला. अंधार झाला. मावशींनी कमरेवर हात ठेवून बघितलं, मनाशी म्हणाल्या, झालं काम. चार वाजता पडदा असा तापला की जवळ उभं राहवेना. काच आणि लोकर यांच्यामध्ये कोंडलेलं ऊन खोलीत उतू जात होतं, आणि वर लोकरीचा वास, म्हणजे खोलीत मेंढरं बांधल्यासारखा. काकांनी हळूच वर्तमानपत्र उचललं आणि जिन्याकडे निघाले. मावशींनी त्यांना पाठमोरं जाताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कपडे घेऊन खाली इस्त्रीवालीकडे गेल्या. जिन्याखालच्या छोट्या गाळ्यात ही बाई पहाटे पाचला निखारे पेटवायची आणि दहाला गाळा बंद करून घरी जायची. मावशींच्याच वयाची, जिभेला हाड नसलेली.

"कोटवाल्या बाई, वर खिडकीत ते काळंनिळं काय टांगलंय?"

"पडदा आहे. घराला कोट घातलाय म्हणा."

"मग गार झालं?"

मावशींनी कपड्यांचं गाठोडं पुढे सरकवलं. इस्त्रीवालीने शर्टाची कॉलर दाबता दाबता त्यांच्याकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. "एक विचारू? तुम्ही बत्तीस वर्षं कोट शिवलेत. कोट शर्टाच्या आतून घालतात की वरून?"

"वरून. हा काय प्रश्न झाला?"

"मग घराला आतून का घातलात?"

मावशींनी गाळ्यातून बाहेर डोकावून वर खिडकीकडे बघितलं.

"अहो, काच तापली की संपलं," इस्त्रीवाली म्हणाली. "उन्हाला काचेच्या बाहेरच अडवायचं असतं. एकदा घरात आल्यावर त्याला काय, 'या, बसा, पाणी घ्या' म्हणणार? आणि काळं कशाला लावता? मी चाळीस वर्षं निखाऱ्यापाशी उभी आहे. पांढरा शर्ट वाळत घाला आणि काळी पँट वाळत घाला, दुपारी हात लावून बघा. आणि खिडक्या आठला बंद, सूर्य बुडाला की उघड्या. सगळ्या गल्लीला दिसतंय तुम्ही उलटं करता ते. पण तुम्ही कुणाला काही विचारत नाही, मग सांगणार कोण?"

चार मजले चढायला मावशींना त्या दिवशी फार वेळ लागला. वर काका मशीनला तेल देत बसले होते. मावशी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, पदराने चेहरा पुसला.

"अहो, माझं चुकलं."

काकांच्या हातातली तेलाची बुधली तिथेच थांबली. "काय म्हणालीस?"

"ऐकलंत ना. माझं चुकलं. खिडकी बघितली आणि डोळे दिपले माझे. तुम्हाला जिन्यात झोपावं लागलं माझ्यामुळे."

"परत एकदा म्हण."

"आता जन्मात नाही."

काका हसले. मग बुधली बाजूला ठेवून जे बोलले ते मावशींनी पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. "गरम होतं गं. फार गरम होतं. दुपारी वाटायचं डोकं फुटेल."

"मग बोललात का नाही?" मावशी कडाडल्या. "तोंडाला काय टाके घातले होते का?"

"तू रोज त्या खिडकीत बसायचीस. पाय उन्हात, फोन कानाला. बत्तीस वर्षं दिव्याखाली वाकलेली बघितलीय मी तुला. म्हटलं, मिळू दे तिला ऊन. आपण काय, जिन्यातही झोपू."

मावशींना काय करावं कळेना. त्या आधी चिडल्या. "काही झालं असतं म्हणजे? मी काय उन्हाशी संसार केला असता का?" आणि मग रडल्या, चांगल्या ढसाढसा, पदर तोंडात कोंबून. काका शेजारी बसून राहिले. त्यांना सांत्वन वगैरे करता यायचं नाही, पण उठलेही नाहीत.

रडून झाल्यावर मावशींनी नाक पुसलं आणि खडू हातात घेतला. "बाहेरून घालायचा. पांढरा. बाल्कनीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे ऊन काचेपर्यंत पोचलंच नाही पाहिजे. पण टांगायचा कशावर? घरमालक भिंतीला भोक पाडू देणार नाही."

"ते माझं काम," काका म्हणाले. त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं, बोटांनी माप घेतलं आणि दुपारी भंगारवाल्याकडून जुने नळ, ते वळवून जोडायचे चार कोपर आणि आवळायच्या पकडी घेऊन आले. दोन दिवस घरात नळ कापण्याचा आवाज. गुडघे टेकून, उठून, परत टेकून त्यांनी कठड्याला आवळून बसणारी चौकट उभी केली. एका खिळ्याचं भोक नाही भिंतीला. पाणीखात्यातला कुणी साहेब असता तर पाठ थोपटली असती.

मावशींनी बाजारातून जाड मांजरपाट आणला, पांढराशुभ्र. आता हे पुढचं त्यांच्या हातातलं. लोकांना वाटतं कोटाची ऊब कापडात असते. तसं नसतं. ती कापड आणि अस्तर यांच्या मधल्या हवेत असते, म्हणून अस्तर कधी ताणून बसवायचं नाही, सैल सोडायचं. मावशींनी मांजरपाटाचे दोन थर घेतले, मधे तीन बोटं जागा ठेवली, कोटाच्या खांद्यासारखी वरची बाजू मजबूत केली. काकांनी उभं राहून बघितलं आणि म्हणाले, "असं नाही चालणार."

मावशींनी चष्म्यावरून बघितलं. एरवी या नजरेने गिऱ्हाइकं गार व्हायची.

"वाऱ्याने उडेल," काका म्हणाले. "चौथा मजला आहे. शिडासारखं फुगेल आणि माझी चौकट घेऊन जाईल."

मोठ्या कोटांच्या घेराला त्या आतून वजन शिवायच्या, घेर सरळ पडावा म्हणून. "तुमच्याकडे ते जुने नट आहेत ना, नळांचे? द्या इकडे." बेचाळीस नट घेरात शिवले गेले. एकेक ओवताना काका त्यांना हातात द्यायचे आणि मावशी टाका घालायच्या. असं दोघांनी मिळून एका वस्तूवर काम केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. हे इतकी वर्षं राहून कसं गेलं, याचं मावशींना नवल वाटलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या जिवाला लागली होती. ज्या उन्हासाठी घर घेतलं तेच झाकायचं. म्हणून त्यांनी मधोमध कोटाला असते तशी उभी पट्टी ठेवली, काज-बटणांची. संध्याकाळी साडेसहाला ऊन नरमलं की बटणं काढायची, दोन्ही पाखं बाजूला करायची आणि अर्धा तास पाय सोडून बसायचं. बटणं कोटाचीच, काळी, चार भोकांची.

कोट चढवला त्या दिवशी सकाळी आठला खिडक्या बंद केल्या, फरशी ओल्या फडक्याने पुसली आणि दोघं वाट बघत बसले. तीन वाजले. चार वाजले. बाहेर मांजरपाट झगझगत होता, आणि आत खोली पिठूळ उजेडाने भरलेली, शांत. काकांनी चटई आणली, खोलीच्या मधोमध अंथरली आणि आडवे झाले. दहा मिनिटांत घोरायला लागले. एरवी त्या घोरण्याला मावशी काय काय बोलायच्या. त्या दिवशी ऐकत बसल्या.

खाली गल्लीत इस्त्रीवालीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "चौथ्या मजल्याने कोट घातलाय, बघितलात का? कल्पना माझी, शिलाई तिची." समोरच्या इमारतीतल्या दोघी-तिघी माप घेऊन आल्या. मावशींनी त्यांना सांगितलं, रविवारनंतर या. आधी रविवार जाऊ दे.

रविवार आला. मावशी वरून कितीही ताठ असल्या तरी आतून हबकल्या होत्या. कोट चांगला झाला हे त्यांना ठाऊक होतं. पण पूर्वीचा पडदाही चांगलाच झाला होता की. आणि लेकीने नको म्हटलं तर? आता लेकीशी भांडायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. काकांच्या जिवापेक्षा घर मोठं नाही. त्यांनी दोघांचे चार-चार कपडे एका पिशवीत भरून कपाटाशी ठेवले. काकांना दाखवलं नाही.

तीनला बेल वाजली. लेक घामाघूम, त्याच काळ्या वर्तुळांची, रात्रपाळी करून झोप न घेता आलेली. मागे जावई, हातात छोटं तापमापक. आत पाऊल टाकताच तो थबकला. त्याने भिंतीला तळहात लावला. काचेला लावला. बाल्कनीत जाऊन कोटाच्या दोन थरांमधली जागा बोटांनी मोजली. "तीन बोटं," तो स्वतःशीच पुटपुटला. मग तापमापक भिंतीवर टेकवून उभा राहिला, चेहऱ्यावर कारखान्यातला भाव.

लेकीचं मात्र त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती काकांसमोर बसली. "बाबा, खरं सांगा. मला वाईट वाटेल, आईला वाईट वाटेल, काही बघू नका. या घरात राहवतं का तुम्हाला?"

मावशी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. बोटात अंगुस्तान तसंच राहिलं होतं आणि त्या ते गोल गोल फिरवत होत्या.

काकांनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग म्हणाले, "मी सांगितलं तर तू खरं मानशील?"

लेकीने मान खाली घातली.

"नाही ना? बरोबर आहे तुझं. माझ्या शब्दाला किंमत मीच ठेवली नाही." ते खुर्चीतून उठले, सहज, गुडघ्यावर हात न देता, आणि चटई जमिनीवर अंथरली. "तू स्वतः पड इथे. पाच मिनिटं. मग तूच सांग."

"काहीतरीच काय बाबा!"

"नर्स आहेस ना? मग तपासून बघ."

लेकीने आईकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि पर्स बाजूला ठेवून आडवी झाली. हात फरशीवर पसरले. "गार आहे," ती नवलाने म्हणाली. गाल फरशीला लावला. "आई, फरशी गार आहे गं."

"हं," मावशी म्हणाल्या.

"आमच्याकडे गार हवेचं यंत्र लावलं तरी अशी गार नसते. आई, मी तुला म्हटलं होतं ना की..." तिचं वाक्य तिथेच राहिलं. सगळे पुढचं ऐकायला थांबले. पुढचं आलंच नाही. पायातले मोजेसुद्धा न काढता, तोंड अर्धवट उघडं टाकून, ती झोपली होती.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. काका खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. मावशींनी हळूच तिच्या केसातली पिन काढली, टोचेल म्हणून. लहानपणी शाळेतून यायची आणि कापडाच्या ढिगावर अशीच पडायची, दप्तरासकट. इथे आल्यापासून गेल्या सहा वर्षांत ही पोर कुणाच्या घरी अशी निजली असेल? कुणाच्या घरी निजणार? इथे होतं कोण तिचं? आपण तिच्याकडे राहायला गेलो असतो तर हिने दमून जायचं कुठे, हा विचार मावशींच्या मनात पहिल्यांदाच आला.

साडेचारला जावयाने मनगटावरचं घड्याळ बघितलं. हातातलं तापमापक खिशात टाकलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आई, उठवू का हिला? सहाला निघायचं होतं. आणि मग तुमचं सामान..."

मावशींनी तोंडावर बोट ठेवलं.

"उठवू नका, जावईबापू," त्या कुजबुजल्या. "माहेरी आलीये ती. उठेल तेव्हा उठेल. तुम्ही इकडे या, चहा टाकते."